पुतळीचा वारो

क्रम मी ठरवला होता, आणि तो मोडला तोही मीच. सुरुवातीलाच एवढे कबूल केलेले बरे, कारण पुढे जे झाले त्याचा दोष आणखी कुणाकडे सरकवता येईल अशी जागा मला ठेवायची नाही.

२०१७च्या जूनमध्ये आमच्या डहाणूच्या शाळेला रोबोट बनवण्याचे साहित्य मिळाले. मोटारी, चाके, भोके पाडलेल्या पट्ट्या, बॅटरी आणि एक रिमोट. विज्ञान मी शिकवत असल्यामुळे ते खोके माझ्या टेबलावर येऊन पडले. मुंबईला विद्यापीठात मी पदार्थविज्ञान शिकलो होतो, पण असे यंत्र मीही पहिल्यांदाच हाताळत होतो. नववीतली चार मुले निवडली. मसोलीचा दिपक, चिखल्याची निलम, आणि वसतिगृहात राहणारे सुदाम व पुतळी. हे दोघेही तलासरीच्या डोंगराकडचे. पुतळीचे घर उधव्याच्या पुढे, एका पाड्यावर होते.

डिसेंबरात जिल्ह्याची स्पर्धा होती. दहा फुटांच्या चौकोनात रोबोटने दोन मिनिटांत जमिनीवरचे चेंडू उचलून उंच टोपलीत टाकायचे. रिमोट एकाच मुलाच्या हातात. बाकीच्यांनी बाजूला उभे राहून वेळ सांगायची, चेंडू दाखवायचे, आणि गप्प बसवत नसेल तर ओरडायचे.

यंत्र उभे राहायला तीन महिने लागले. त्याला पुढे खेकड्यासारखी एक नांगी होती आणि सरळ सोडले तरी ते जरा तिरके जाई. निलमच्या घरी होडी आहे. तिने ते पहिल्यांदा चालताना पाहिले आणि म्हणाली, "सर, ही तर चिंबोरी." त्या दिवसापासून सगळे तिला चिंबोरीच म्हणू लागले. शिपायाने आणलेल्या स्पर्धेच्या पत्रावरसुद्धा मुख्याध्यापकांनी शेरा मारला, 'चिंबोरीबाबत.'

चालवणार कोण, हा प्रश्न दिपकच्या मते प्रश्नच नव्हता. त्याच्या वडिलांचे मसोलीत दुचाकीचे गॅरेज आहे आणि पाय जमिनीला टेकायच्या आधीपासून तो स्कूटर फिरवत आला होता. मी मात्र ठरवले की चौघेही आळीपाळीने चालवतील. स्पर्धेच्या नियमात तसे बंधन नव्हते. तो माझा विचार होता आणि त्याचा मला अभिमानही होता. प्रत्येक संघाला चार मॅच मिळणार होत्या. पहिली निलमची, दुसरी दिपकची, तिसरी सुदामची, चौथी पुतळीची. तो क्रम मी पांढऱ्या कार्डशीटवर लिहिला आणि वर मोठ्या अक्षरांत शीर्षक दिले, 'चालकांची पाळी'.

सुदामने तोंड बाहीत लपवले. पुतळी खाली बघू लागली.

"काय झालं?"

शेवटी निलमच बोलली. "सर, हे भिंतीवर लावू नका. आठवीची पोरं वर्षभर हसतील."

क्षणभर मला कळले नाही. कळले तेव्हा माझेच कान गरम झाले.

"मग काय लिहू? क्रम?"

"वारो लिहा ना," पुतळी म्हणाली. वर्गात ती एरवी आपणहून फारशी बोलत नसे. "सगळे वारोच म्हणतात."

खरेच होते. गुजरातीतला तो शब्द आमच्या भागात नळावर, दळणाच्या रांगेत, क्रिकेट खेळताना सगळीकडे चालतो. वारो आला, वारो गेला, माझा वारो खाल्लास. शीर्षक खोडून मी 'वारो' लिहिले, आणि मुलांनी खाली चार नावांपुढे आपापल्या सह्या केल्या. मीही सही केली. सह्या करायची गरज नव्हती. पण सही केली की ती गोष्ट पक्की होते असे आम्हा सगळ्यांनाच वाटत होते.

शाळा सुटल्यावर रोज तासभर सराव चाले. प्रत्येकाचे गुण मी वहीत उतरवत असे. दिपकचा हात वेगवान होता. जमले तर चाळीस गुण, नाही जमले तर चिंबोरी उलटून पाय वर करून पडे आणि बारा-चौदावर मॅच संपे. पुतळीचे कधी सव्वीसच्या खाली गेले नाहीत आणि बत्तिसाच्या वर चढले नाहीत. वळण्याआधी ती रिमोटच्या दोन्ही कळा सोडून देई, यंत्राची नांगी डुलायची थांबेपर्यंत वाट पाही, आणि मगच पुढे नेई. ते पाहताना बाकीच्यांचा जीव वरखाली होई.

"अगं, ती काय गाभण म्हैस आहे का?" दिपक म्हणे. "हाक की."

"तुझी चार वेळा पडली आज. माझी पडली का?"

"पडली तर उचलता येते. तू चालवेपर्यंत चेंडू म्हातारे होतील."

"होऊ दे. म्हातारे झाले की पळणार नाहीत."

सुदाम हसून हसून खाली बसला. पुतळीने नजर यंत्रावरून हलवली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती बदलली, हे मला तेव्हा दिसले होते, पण कारण विचारायचे सुचले नाही. ती सगळ्यांत आधी प्रयोगशाळेत येऊ लागली. दुसऱ्याच्या वारोला ती चौकोनाच्या कडेला उकिडवी बसून बघत असे आणि तिचे अंगठे मांडीवर हलत असत. एकदा तिने मला विचारले, "सर, चौथी मॅच किती वाजता येईल?"

"दुपारी तीनच्या सुमारास. का गं?"

"असंच."

स्पर्धा डहाणूतच एका मोठ्या सभागृहात झाली. अठरा शाळा होत्या. पहिले दोन संघ विभागीय फेरीसाठी नाशिकला जाणार होते. निलमने तेहतीस गुण केले. दिपकची चिंबोरी उलटली नाही, पण एका कोपऱ्यात अडकली, आणि तो चोविसावर थांबला. सुदामने एकतीस केले. पंचांच्या फळ्यावर आम्ही तिसरे होतो. दुसऱ्या क्रमांकाच्या शाळेच्या चारही मॅच संपल्या होत्या आणि तिला मागे टाकायला आम्हाला शेवटच्या मॅचमध्ये तीस गुण हवे होते.

तीस. पुतळी तीसच्या अलीकडे-पलीकडेच असायची. वहीत मोजले तर दहांतून चार वेळा तिने तीस गाठले होते. दिपकने दहांतून सहा वेळा. ही वही मी सभागृहात नेली नसती तर बरे झाले असते, असे पुढे मला अनेकदा वाटले.

कुणीही माझ्यावर दडपण आणले नव्हते. मुख्याध्यापक शाळेत होते, संस्थेचे कुणी आले नव्हते. नाशिकला जायची इच्छा माझी होती. मुलांना मोठे शहर, मोठी स्पर्धा दिसावी असे मी स्वतःला सांगत होतो, आणि ते खोटेही नव्हते.

पुतळी रिमोट हातात घेऊन चौकोनाशी उभी होती. केसांना तिने नवीन निळी रिबन लावली होती. मी तिच्याजवळ गेलो.

"पुतळी, तीस हवेत."

"हो, सर."

"दिपकनं चालवलं तर चालेल?"

तिने माझ्याकडे पाहिले.

"सर, पण तिचा भाऊ—" निलम मागून म्हणाली.

"निलम, एक मिनिट. मी तिला विचारतोय."

"सर, वारो तिचा आहे," दिपक म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला.

पुतळीने खाली हातातल्या रिमोटकडे बघितले.

"चालेल," ती म्हणाली.

ओढणीच्या टोकाने तिने रिमोट पुसला आणि दिपकच्या हातात दिला. "आज डावीकडं जास्त ओढते," तिने त्याला सांगितले. "बॅटरी नवी लावलीय ना. हळू सुरू कर." मग ती बाजूला जाऊन वेळ सांगायला उभी राहिली आणि दोन मिनिटे अतिशय स्पष्ट आवाजात सेकंद मोजत राहिली.

मी तिला विचारले होते, तिने होकार दिला होता. हा हिशेब मी त्या वेळी मनात पुरा केला. झाई या माझ्या गावी घरी कुणी पाहुणा आला आणि चहाला 'नको' म्हणाला, तर त्याचे ते पहिले 'नको' आम्ही ऐकतसुद्धा नाही. दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो, तेव्हा कुठे त्याच्या मनात काय आहे ते कळते. कपभर चहासाठी मी हे करत आलो होतो. तिला मी एकदाच विचारले, तेही सगळ्यांसमोर, हातात वही धरून. शाळेतल्या सरांनी विचारलेल्या गोष्टीला 'नाही चालणार' असे उत्तर देता येते, हे त्या मुलीला कुणी, कधी शिकवले होते? मी तर नाहीच.

दिपकने छत्तीस गुण केले. आम्ही दुसरे आलो. मुले नाचली, सुदामने चिंबोरी डोक्यावर घेतली, पुतळीनेही टाळ्या वाजवल्या. पुतळीने तीस केले असते का, हे मला आजही माहीत नाही. ते कळायचा एकच रस्ता होता.

सभागृहातून शाळेकडे परत जाताना निलम माझ्या बरोबरीने चालू लागली. बाकीचे पुढे होते.

"सर, रागावणार नसाल तर सांगते."

"बोल."

"तिचा भाऊ आला होता. लक्ष्या. तो उधव्याच्या लाईनवर जीप चालवतो. दिवाळीत ती घरी बोलली, मी रोबोट चालवते. तर तो म्हणाला, तुला धड सायकल येत नाही, तू काय चालवणार? मग तिनं सांगितलं, बघायला ये. चौथी मॅच माझी आहे, भिंतीवर लिहिलंय, सरांची सही आहे. तो दुपारच्या दोन फेऱ्या सोडून आला होता. दाराशी उभा होता, लाल शर्टवाला."

लाल शर्टवाला माणूस मी पाहिला होता. कुणाचा तरी पालक असेल असे वाटले होते.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते, सर. तुम्ही म्हणालात, एक मिनिट."

त्यानंतर पुतळी रागावली नाही, रडली नाही, संघातून गेलीही नाही. ती पूर्वीसारखी सगळ्यांच्या आधी येई, चार्जिंग लावी, ढिले स्क्रू घट्ट करी. रिमोट मात्र तिने पुन्हा हातात घेतला नाही. तिचे नाव पुकारले की "आज निलमला द्या, मी टोपली बघते," असे काहीतरी म्हणून ती दुसऱ्या कामाला लागे. दोन आठवडे मी ते चालू दिले. मग नाशिकचा अर्ज भरायची वेळ आली. त्यात चालक म्हणून दोनच नावे द्यायची होती. मी पुतळीचे नाव पहिले लिहिले, आणि तिला बोलावून तो कागद दाखवला. ती खूश होईल अशी माझी कल्पना होती.

तिने कागद नीट वाचला.

"सर, माझं नाव काढा."

"का? तू चांगली चालवतेस. आणि वारो तुझा आहे, तो राहिलाय."

"तेव्हा होता," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. गणितात चुकलेली पायरी दाखवावी तसे तिने ते सांगितले. "आता दिपक आणि निलमचं द्या. नाशिकला तीस पुरणार नाहीत."

मी तिची क्षमा मागायला हवी होती. माझ्या जिभेवर ते शब्द आले होते. पण खोलीत सुदाम होता, दारात आठवीची दोन मुले डोकावत होती, आणि शिक्षकाने विद्यार्थिनीपुढे असे बोलण्याची मला सवय नव्हती. मी म्हणालो, "बघ, पुन्हा विचार कर." ती "हो, सर," म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी मी अर्जावरचे नाव बदलले.

नाशिकला आम्ही बत्तीस संघांत एकविसावे आलो. वारो लिहिलेले ते कार्डशीट मी भिंतीवरून काढून कपाटात ठेवले. पुढच्या वर्षी नवीन संघ झाला तेव्हा मी नियम केला की ठरलेला क्रम कुणालाही, शिक्षकालाही, बदलता येणार नाही. नियम चांगला आहे. अजून पाळला जातो. पुतळी तेव्हा दहावीला होती आणि तिच्या वर्गाला त्या वर्षी प्रयोगशाळेत तास नव्हते.

२०१९च्या मे महिन्यात नव्या वर्षाच्या प्रवेशांसाठी आम्हा शिक्षकांना गावे वाटून दिली होती. माझ्या वाट्याला उधव्याच्या बाजूचे पाडे आले. तलासरीच्या नाक्यावर जीप भरायची वाट पाहत होती. ड्रायव्हरने माझ्या हातातली शाळेची फाईल पाहून मला पुढे बसवले.

"डहाणूच्या शाळेतले ना? माझी बहीण होती तुमच्याकडं. पुतळी."

आज शर्ट पांढरा होता. मी त्याला ओळखले नव्हते.

"कशी आहे ती? दहावीचे पेपर कसे गेले म्हणते?"

"चांगले गेले म्हणते. आता घोलवडकडं चिकूच्या वाडीत जाते, माल निवडायला." गाडी चढावर आली तसा त्याने गिअर बदलला. "निकाल लागला की आयटीआयला जायचं बोलते. इलेक्ट्रिशियन. मी म्हटलं, गप बस. दोन मिनिटांच्या खेळण्याला घाबरलीस, तू काय वायरींना हात लावणार?"

"घाबरली? असं कोण म्हणालं?"

"तीच. मी आलो होतो ना बघायला, त्या तुमच्या स्पर्धेला. ऐन वेळी दुसऱ्याच्या हातात दिलं. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली, मला भीती वाटली, मीच दिलं." तो हसला. "तेव्हापासून घरात तिचं नावच पडलंय. भिवरी. म्हणजे भित्री."

मागच्या बाकावरची एक बाई हसली. तिला ते नाव माहीत असावे.

दीड वर्ष ती हे ऐकत होती. मी तिचा वारो काढून घेतला हे घरी सांगणे तिला जड गेले असेल, किंवा भावापुढे सरांना कमीपणा येऊ नये असे वाटले असेल. दोन्हीपैकी काय ते मला सांगता येत नाही. गाडीत दहा माणसे होती. मी ठरवले की ती दहाही माणसे ऐकतील एवढ्या मोठ्याने बोलायचे.

"ती घाबरली नव्हती, लक्ष्या. मी काढून घेतला तिच्याकडून."

"काय?"

"रिमोट. तिचा वारो होता. जास्त गुण मिळावेत म्हणून मी तो दुसऱ्या मुलाला दिला. ती तयार होऊन उभी होती. तिनं स्वतःहून दिलेला नाही."

एका वळणावर लक्ष्याने हॉर्न वाजवला. समोर कुणीच नव्हते.

"मग ती तसं का बोलली?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही तेव्हाच यायचं ना सांगायला," तो म्हणाला. "तलासरी काय लांब आहे?"

उधव्याला माणसे उतरली, पण त्याने मला उतरू दिले नाही. "घरी चला. आईला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, मस्करी करतो."

घरापुढचे अंगण नुकतेच सारवलेले होते. पुतळी वाडीतून संध्याकाळी यायची, तोवर थांबलो असतो तर परतीची गाडी गेली असती. त्यांच्या आईने, हिरीबाईंनी, मला खाट दिली, पाणी दिले, आणि त्या उंबऱ्याला टेकून खाली बसल्या. लक्ष्या त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलला. मला अर्धेच समजले. स्पर्धा, सर, वारो एवढे शब्द कळले. मग त्याने माझ्याकडे हात केला, आणि मी जीपमध्ये सांगितले होते तेच सगळे पुन्हा सांगितले. बाजू सावरणारा एकही शब्द मध्ये येऊ दिला नाही. आयटीआयचे अर्ज निकालानंतर सुटतात, तिचा अर्ज भरायला मी स्वतः येईन, हेही सांगितले. ते बोलतानाच लक्षात आले की या वेळीसुद्धा मी तिला न विचारताच ठरवत होतो, म्हणून पुढे म्हणालो, "तिला हवं असेल तर."

हिरीबाईंनी सगळे ऐकून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी त्यांना अजून उलगडत नव्हते आणि तेवढेच त्या मनात जुळवत होत्या.

"मंग तिला येत होतं?" त्यांनी विचारले. "ते चालवायचं?"

"येत होतं," मी म्हणालो. "चांगलं येत होतं."

त्यांनी मान हलवली आणि लक्ष्याकडे पाहिले. तो अंगणाच्या कडेला पाठ करून उभा होता. घराकडे येणारी पायवाट तिथून दिसत होती, आणि तिच्यावर या वेळी कुणी नव्हते.